अर्ध्या तासात बारा हात

गोव्याला कॅसिनोत जाऊन आलो म्हटलं की सोलापुरात एकच प्रश्न येतो, "काय बे, किती घालवून आलास?" पोकरच्या टूर्नामेंटला गेलो होतो असं कितीही सांगा, विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रुलेटचं चाक फिरत असतं आणि त्यात प्लॉट, दुकान, बायकोचे दागिने सगळं चाललेलं असतं. खरं तर जास्तीत जास्त किती जाणार हे बसमध्ये बसायच्या आधीच ठरलेलं होतं. १५,००० रुपये. त्याच्या वर जायची सोय मी ठेवलीच नव्हती.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात मी हिशेब बघतो. सुताचा भाव, डॉलरचा भाव, कंटेनरचं भाडं, यातलं काहीही आमच्या हातात नसतं आणि तोटा किती झाला हे तो झाल्यावरच कळतं. त्यामुळे तोटा आधी ठरवून मग खेळायला बसायचं, ही कल्पनाच मला फार आवडली. कॅश गेममध्ये तसं नाही. तिथं समोरच्या चिप्स म्हणजे खरे पैसे. संपले की खिशात हात घालायचा, कंटाळा आला की उठून जायचं. टूर्नामेंटच्या चिप्सना टेबलाबाहेर काडीची किंमत नाही. सगळ्यांनी सारखी फी भरायची, सगळ्यांना सारख्या चिप्स मिळणार, संपल्या की घरी. जमलेली रक्कम शेवटपर्यंत टिकणाऱ्यांत चढत्या क्रमानं वाटली जाते.

आमचा खेळ नवी पेठेतल्या एका दुकानाच्या माडीवर चालतो, शनिवारी रात्री, शटर ओढल्यावर. पैसे लावत नाही. जो पहिला बाद होईल त्यानं सगळ्यांना खायला घालायचं, एवढंच. एक सीए, एक औषध दुकानदार, एक प्राध्यापक, मी आणि आम्हा सगळ्यांना पत्ते शिकवणारे अण्णा. अण्णांच्या घरी तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी. रमीचा डाव ते पत्ते न लावता, नुसते हातात धरून खेळतात. घरात कुणी पत्त्यांवरून बोललं की रमी हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ आहे, असं सुप्रीम कोर्टानं १९६८ मध्येच म्हटल्याचं ते ऐकवतात. पोकरच्या बाबतीत त्यांना असं काही ऐकवता येत नाही. गुजरात हायकोर्टानं २०१७ मध्ये पोकरला जुगारच म्हटलं आणि नागालँडनं कायदा करून त्याला कौशल्याच्या खेळांच्या यादीत बसवलं. ज्याला जे सोयीचं ते त्यानं सांगावं.

महाराष्ट्रात कॅसिनो नाही. कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा १९७६ मध्ये झाला होता. तो कधी अंमलात आला नाही आणि २०२३ मध्ये विधिमंडळानं तो रद्दच करून टाकला. गोव्याचा जुगारबंदीचा कायदाही १९७६ चाच. पण तिथं १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं आली आणि १९९६ मध्ये जहाजांवर टेबलं मांडायला वाट मिळाली. म्हणून मांडवीत ती जहाजं उभी आहेत. आमच्यातले दोघं मोबाइलवर खेळायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्याचे असोत की नशिबाचे, सरसकट बंदी आणणारा कायदा केला आणि त्यांचा तो मार्ग संपला. त्यानंतरच माडीवर "एकदा प्रत्यक्ष टेबलावर बसून बघू की" ही भाषा सुरू झाली. बोलले सगळे. गड्ड्याची यात्रा उरकल्यावर निघालो मी एकटा.

सोलापूरहून गोव्याला आता विमान आहे, मोपाला उतरवतं. माझी वेळ त्याच्याशी जुळत नव्हती, म्हणून रात्रीची बस. विजापूर, बेळगाव, चोर्ला घाट, पणजी. बायकोनं शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून दिली होती. जहाजावर जेवण फुकट असतं हे तिला सांगितलं, तर म्हणाली, "फुकटचं कोण देतंय ओ?" ही बाई कधी पोकर खेळली तर भारी पडेल.

जेट्टीवर आधार कार्ड बघतात. वय २१ च्या वर हवं, आणि फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या स्थानिकांना कॅसिनोत प्रवेश नाही. मला जेट्टीपर्यंत सोडणारा रिक्षावाला रोज माणसं तिथं पोचवतो, आत कधी गेलेला नाही. छोट्या बोटीतून जहाजावर गेलो. टूर्नामेंटच्या काउंटरवर पुन्हा ओळखपत्र आणि सोबत पॅन कार्ड. पॅन का, ते पुढे येईल. १५,००० भरले. पावतीवर दोन आकडे वेगळे छापलेले होते: १३,००० बक्षिसांच्या रकमेत आणि २,००० आयोजकांचे. हे बघून बरं वाटलं. माणूस स्वतःचं कमिशन पावतीवर छापतो म्हणजे धंदा निदान उघड आहे. पावतीवरच टेबल आणि खुर्चीचा नंबर. ओळखीच्या माणसांनी शेजारी बसू नये म्हणून तो सोडतीनं निघतो.

तीन पत्ती खेळणाऱ्यांसाठी खेळ थोडक्यात. टेक्सास होल्डम या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मग मध्ये तीन पत्ते उघडे पडतात, तो फ्लॉप. नंतर एक, तो टर्न. आणि शेवटचा एक, ती रिव्हर. आपले दोन आणि मधले पाच, अशा सातातून उत्तम पाच पत्त्यांचा हात बनवायचा. प्रत्येक टप्प्यावर बोली. बोली मुळात सुरू व्हावी म्हणून डीलरच्या बटणाच्या, म्हणजे वाटणी कुणाची हे दाखवणाऱ्या चकतीच्या, डावीकडच्या दोघांना पत्ते बघायच्या आधीच ठरावीक चिप्स टाकाव्या लागतात, छोटा ब्लाइंड आणि मोठा ब्लाइंड. शिवाय मोठा ब्लाइंडवालाच सगळ्या टेबलाच्या वतीनं अँटी म्हणून तेवढीच रक्कम आणखी टाकतो. बटण दर हाताला एक खुर्ची पुढे सरकतं, म्हणजे हा खर्च फिरत फिरत सगळ्यांच्या वाट्याला येतो.

टूर्नामेंटची सगळी मेख या ब्लाइंडमध्ये आहे. आमच्या स्पर्धेत सुरुवातीला प्रत्येकी २५,००० चिप्स होत्या आणि ब्लाइंड १००-२०० च्या आसपास. म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या सव्वाशे पट माल समोर. ऐसपैस. पण दर ३० मिनिटांनी पातळी बदलते आणि ब्लाइंड वाढतात: ३००-६००, ५००-१०००, १०००-२०००. आठव्या पातळीच्या शेवटापर्यंत नवीन माणूस येऊ शकतो किंवा बाद झालेला पुन्हा फी भरून बसू शकतो. त्यानंतर दार बंद. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उरलेला वेळ, उरलेले खेळाडू आणि सरासरी चिप्स सतत दिसत असतात.

वरच्या मजल्यांवर गाणी, नाच, यंत्रांची घंटानाद वगैरे चालू होतं. पोकरची खोली वेगळी, आणि तिथं एकच आवाज. बसलेला जवळजवळ प्रत्येक जण दोन बोटांत चिप्सच्या दोन चळती एकमेकांत मिसळत असतो, अखंड. डोळे मिटले असते तर वाटलं असतं पूर्वभागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये उभा आहे. मला ते मिसळणं जमत नाही, त्यामुळे नवखा कोण हे टेबलाला पहिल्याच मिनिटात कळलं असणार.

माझ्याच टेबलावर एक गृहस्थ बसले होते, गळ्यात चांगली जाड साखळी. तिसऱ्या-चौथ्या हाताला त्यांनी माझं मराठी ऐकलं. "पाव्हणं, कुठलं गाव?" "सोलापूर." "आयला, आम्ही कोल्हापूर." मग त्यांनी माझ्या एकामागून एक टाकलेल्या पत्त्यांकडे बघून विचारलं, "सोलापूरची माणसं चादर ओढूनच बसत्यात वाटतं?" टेबलावरचे बाकी सात जण हिंदी-इंग्रजी बोलणारे, त्यांना विनोद कळला नाही.

पण त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. प्रत्यक्ष टेबलावर सर्वांत आधी लक्षात येतं ते हे, की हात फार थोडे मिळतात. मोबाइलवर एका टेबलावर तासाला साठ-सत्तर हात सहज होतात. इथं खरा डीलर खरे पत्ते पिसतो, वाटतो, प्रत्येक जण विचार करतो, चिप्स मोजल्या जातात, चिल्लर परत दिली जाते. अर्ध्या तासाच्या पातळीत जेमतेम बारा-तेरा हात. त्यातले दोन-तीन ब्लाइंडमधले. कुठलीही जोडी सरासरी १७ हातांत एकदा येते, एक्क्यांची जोडी २२१ हातांत एकदा. आता मांडा हिशेब. एका पातळीत एक जोडी आली तर भाग्य, आणि एक्के बहुधा रात्री उशिरापर्यंत बसूनही दिसणार नाहीत. मला दिसले नाहीत. गणिताप्रमाणे ते ठीकच आहे, पण खुर्चीत बसल्यावर गणित वेगळं आणि सलग चाळीस मिनिटं सत्ती-दुर्री, नव्वी-तिर्री बघणं वेगळं. माणूस ज्यानं बाद होतो तो प्रतिस्पर्धी क्वचित असतो. तो कंटाळा असतो. समोरचा एक दिल्लीचा मुलगा, फार हुशारीनं खेळणारा, पाचव्या पातळीला राणी-नव्वीवर सगळं लावून गेला. नंतर उठून पुन्हा फी भरून आला. मग पुन्हा एकदा.

ही पुन्हा फी भरायची सोय हा माझ्या मते या सगळ्यातला खरा सापळा आहे. तोटा आधी ठरलेला असतो म्हणून टूर्नामेंट चांगली, आणि मग तीच टूर्नामेंट तुम्हाला म्हणते की ठरलेलं बदलता येईल. चांगले खेळाडू तीन-तीन फिया खिशात धरूनच येतात, त्यांचं गणित तसं असतं. पण ज्याला आठ तासांची करमणूक १५,००० ला घ्यायची आहे, त्यानं एकच पावती फाडावी आणि डेबिट कार्ड खोलीवर ठेवून यावं. मी तसंच केलं होतं. कार्ड हॉटेलच्या कपाटात, खिशात परतीच्या बोटीपुरते आणि चहापुरते पैसे.

बसल्या बसल्या करायचं काय, याला उत्तर आहे. आपले पत्ते आपली पाळी आल्यावरच बघायचे. तोवर इतर लोक त्यांचे पत्ते कसे बघतात ते बघायचं. दगडी चेहरा वगैरे सिनेमात. प्रत्यक्षात चेहऱ्यावर सगळ्यांचाच ताबा असतो, हातांवर नसतो. डावीकडचा एक जण खेळायचं असलं की पत्त्यांवर लगेच चिप ठेवायचा, टाकायचे असले की पत्ते बोटांत धरून ठेवायचा. त्याचा निर्णय मला त्याच्या पाळीच्या आधीच कळायचा. मोबाइलवर ही माहिती मिळत नाही. त्या मंद गतीची भरपाई इथं होते.

नियम कडक आहेत आणि मला ते आवडले. तोंडानं जे बोललात ते बंधनकारक. बोलून दाखवलं नाही आणि मोठी एकच चिप पुढे टाकली, तर ते फक्त समोरच्याएवढं भरणं धरलं जातं, वाढवणं नाही. दुसऱ्या पातळीत एका मध्यमवयीन बाईंनी ५,००० ची चिप टाकली, मनात वाढवायचं होतं, डीलरनं शांतपणे "कॉल" म्हणून उरलेली चिल्लर परत केली. त्यांनी हरकत घेतली, फ्लोअरचा माणूस आला, ऐकलं, डीलरचंच बरोबर ठरवलं. अर्ध्या मिनिटात विषय संपला. जगभरच्या बऱ्याच स्पर्धा टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमांवर चालतात. २००१ पासून ही मंडळी नियम एकसारखे करायच्या मागे आहेत. आमच्या माडीवर असल्या गोष्टीवरून प्राध्यापक आणि सीए महिनाभर बोलत नव्हते.

आता तो हात, जो मी सोलापुरात ज्याला त्याला सांगत सुटलोय. सहावी पातळी, ब्लाइंड ४००-८००. माझ्यासमोर १९,००० उरलेले, अँटीचे ८०० टाकून झाले की १८,२००. मोठा ब्लाइंड माझा. कोल्हापूरकरांनी २,००० केले, मधल्या एकानं तेवढे भरले, माझ्याकडे सत्तीची जोडी. आणखी १,२०० टाकले. मध्ये ७,२०० जमले. जोडी हातात असताना फ्लॉपवर तिसरा जुळा पत्ता येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, म्हणजे आठ-साडेआठ वेळा एकदा. आला! राजा, सत्ती, दुर्री, तिघांचेही रंग वेगळे.

अशा वेळी छातीत जे होतं ते मानेच्या शिरेवर दिसतं म्हणे. मी खाली चिप्सकडे बघत टेबलावर बोट टेकवलं, म्हणजे माझी बोली नाही. पाव्हण्यांनी ३,००० टाकले, तिसऱ्यानं पत्ते फेकले, मी भरले. टर्नला नव्वी. पुन्हा बोट. त्यांनी ७,००० टाकले. माझ्याकडे १३,२०० उरले होते. "ऑल-इन" म्हटलं, म्हणजे होतं ते सगळं लावलं. आवाज माझा मलाच परका वाटला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, साखळी चाचपली, आणि म्हणाले, "चादरीखाली काय तरी हाय, पण बघाय पायजे." भरले. एक्का-राजा. त्यांना वाचवणारा एकही पत्ता पत्त्यात उरला नव्हता. रिव्हरला चव्वी पडली आणि ३९,६०० माझ्याकडे सरकले. पाव्हण्यांनी हात पुढे करून मिळवला. पुढच्या तासाभरात ते बाद झाले, जाताना खांद्यावर थाप मारून, "आता शेवटापातूर बसायचं, सोलापूर."

मधल्या तासांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. टेबलं मोडत गेली, खुर्च्या बदलत गेल्या, शंभराच्या चिप्स निरुपयोगी झाल्यावर गोळा करून नेल्या. एकदा लाखाच्या वर गेलो. एकदा एक्का-राणी घेऊन, पुढे एकानं वाढवलेलं आणि दुसऱ्यानं त्यावर वाढवलेलं बघून, पत्ते टाकले. दोघांकडे राजे आणि एक्के निघाले तेव्हा मनातल्या मनात अण्णांना नमस्कार केला. जेवणाच्या सुट्टीत एक पुणेकर क्रिस मनीमेकरची गोष्ट सांगत होता. अमेरिकेतल्या टेनेसीचा अकाउंटंट, ऑनलाइन पात्रता फेरीतून स्वस्तात जागा मिळवून २००३ च्या वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत गेला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन आला. त्यानंतर जगभर पोकरचं वेड पसरलं. तो अकाउंटंट होता हे ऐकल्यावर मी पाठ जरा ताठ केली.

दार बंद झालं तेव्हा एकूण १७५ नोंदी झाल्या होत्या. बक्षिसं पहिल्या २४ जणांना. पंधराव्या पातळीला, ४०००-८००० ब्लाइंडवर, आम्ही २५ उरलो. अकरा वाजून गेले असतील. माझ्याकडे ६२,०००, सरासरीच्या जवळजवळ एक तृतीयांश. आता एक जण रिकाम्या हातानं जाणार आणि बाकी सगळ्यांना काहीतरी मिळणार. याला बबल म्हणतात, आणि या वेळी खेळ चमत्कारिक होतो. सगळ्या टेबलांवर एक-एकच हात वाटतात आणि सगळ्यांचा संपेपर्यंत थांबतात, म्हणजे कुणी मुद्दाम वेळ काढून दुसऱ्याच्या बाद होण्याची वाट बघू नये. ज्याच्याकडे चिप्सचा डोंगर तो दर हाताला सगळं पुढे ढकलतो, कारण त्याला माहीत असतं की मधली माणसं आता लढणार नाहीत. माझ्याकडे एक्का-नव्वी आली, दोन्ही बदामाचे. एरवी मोठ्या ब्लाइंडच्या आठपटच चिप्स उरल्या असताना मी विचार न करता सगळं लावलं असतं. इथं पुढच्यानं सगळं लावलं होतं आणि दुसऱ्या टेबलावर माझ्यापेक्षा कमी चिप्सचे दोघं बसले होते. पत्ते टाकले. चिप्सची किंमत एकसारखी नसते, हे इथं कळतं: शेवटची ६२,००० ची चळती गमावणं जितकं महाग, तितकं दुप्पट करणं लाभाचं नसतं.

एक फेरी गेली. छोटा ब्लाइंड ४,०००, मोठा ८,०००, अँटी ८,०००. काहीही न खेळता २०,००० गेले, उरले ४२,०००. मग पलीकडच्या टेबलावर टाळ्या वाजल्या. कुणाच्या तरी राजांवर एक्का उलटला होता. त्या माणसाशी सगळे हात मिळवत होते आणि तो हसत होता. तसं हसता येणं हेही शिकण्यासारखं आहे.

सोळावी पातळी, ५०००-१००००. एक फेरी म्हणजे आता २५,०००. मला बटणाच्या उजवीकडच्या खुर्चीवर एक्का-गुलाम आला, माझ्यापर्यंत सगळ्यांनी टाकले होते. ४२,००० पुढे सरकवले. मोठ्या ब्लाइंडवाल्यानं फार विचार न करता भरले, अठ्ठीची जोडी. अशा सामन्यात जोडी थोडी पुढे असते, साधारण ५५ विरुद्ध ४५. पाच पत्ते पडले, त्यात माझ्या कामाचं काही नव्हतं. बाविसावा.

काउंटरवर पॅन कार्डाचं काम आता पडलं. १९ ते २४ क्रमांकांना २६,००० रुपये. जिंकलेली रक्कम १०,००० च्या वर असली की सगळ्या रकमेवर ३० टक्के कर जागेवरच कापतात, म्हणजे ७,८०० गेले. १८,२०० बँकेत जमा होणार अशी पावती मिळाली. फीचे १५,००० वजा केले की राहिले ३,२००. बसचं जाणं-येणं, हॉटेलची खोली, रिक्षा आणि बायकोसाठी घेतलेले काजू धरले तर मी बक्षीस मिळवून तोट्यात आलो.

सोलापुरात आल्यावर सीएला विचारलं, निदान भरलेली फी तरी खर्चात धरता येईल का? तो म्हणाला, जिंकलेल्यावर सरळ तीस टक्के कर, वर सेस. खर्च एक पैशाचाही वजा होत नाही, तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता होत नाही. आणि काजूचं बिल आणलंस तरी नाही.

अण्णांना पैशात रस नव्हता. त्यांनी सत्तीचा हात दोनदा सांगायला लावला आणि शेवटच्या हातावर अडून बसले. म्हणाले, मोठा ब्लाइंड माझ्यापर्यंत यायला अजून पाचेक हात होते, तेवढ्यात दुसरे चार-पाच बाद झाले असते, मी थांबायला हवं होतं. प्राध्यापकांचं म्हणणं, मध्ये २५,००० पडलेले असताना एक्का-गुलाम टाकणं म्हणजे वेडेपणा. मी प्राध्यापकांच्या बाजूनं. औषध दुकानदार म्हणतो, दोघंही बरोबर, आधी भजी मागवा. मग सीएनं मोबाइलवर तीस मिनिटांचं घड्याळ लावलं, सगळ्यांना बेचाळीस-बेचाळीस हजाराच्या चिप्स मोजून दिल्या आणि पत्ते वाटायला घेतले.